ड्रिफ्ट स्पर्धेची मोटार बांधून देताना : गॅरेजवाल्या बंधूंसाठी काही माहिती

गॅरेज, डेंटिंग-पेंटिंग, रेडिएटर, कुशन, वायरिंग, बॅटरी, टायर आणि लेथ या धंद्यांवर हिंगोली, वसमत, कळमनुरी भागातील आपल्या कितीतरी घरांची चूल पेटते. या कारागीर बंधूंच्या दारात उभी असतात ती पिकअप, जीप, ऑटो, ट्रॅक्टर अशी कामाची वाहने. पण मोबाइलवर मोटारींचे खेळ पाहणारी मुले आता आपल्या गावातही आहेत. उद्या त्यांच्यातील एखादा जुनी मोटार ओढून आणेल आणि म्हणेल, "उस्ताद, ही पूर्ण खोलून नव्याने बांधा, मला ड्रिफ्टच्या स्पर्धेत उतरायचे आहे." अशा गिऱ्हाइकाला काय उत्तर द्यावे? काम घ्यावे की नाही, घेतले तर कसे करावे, आणि कोणत्या कामाला साफ नकार द्यावा, याचा विचार आधीच केलेला बरा. कारण नव्याने बांधलेली मोटार पहिल्यांदा स्पर्धेत उतरते तेव्हा चालकापेक्षा मिस्त्रीचीच परीक्षा जास्त होते.

हा खेळ आहे तरी काय

पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर हळदीचा माल भरायला निघालेली रिकामी पिकअप वळणावर मागून सटकते, हे आपल्याकडच्या प्रत्येक ड्रायव्हरने अनुभवले आहे. मागची चाके पकड सोडतात, शेपटी बाहेर जाते आणि गाडी सरळ ठेवण्यासाठी स्टेअरिंग उलट्या बाजूला फिरवावे लागते. आपला ड्रायव्हर हे नाइलाजाने करतो. ड्रिफ्टिंगमध्ये हेच मुद्दाम, कोरड्या डांबरावर, इंजिनच्या जोरावर करायचे असते, आणि पूर्ण वळण संपेपर्यंत गाडी आडवी धरून ठेवायची असते.

ही वेगाची शर्यत नव्हे. घड्याळ लावून निकाल देत नाहीत, तर पंच गुण देतात. आखून दिलेल्या रेषेवरून गाडी गेली काय, किती कोनात आडवी राहिली, वेग आणि सफाई किती होती, हे पाहिले जाते. पुढच्या फेऱ्यांत दोन मोटारी एकामागे एक सोडतात. पुढच्याने चूक करायची नाही आणि मागच्याने त्याला चिकटून राहायचे.

खेळाचा जन्म जपानचा. १९७० च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी हे शर्यतपटू वळणावर गाडी अशी आडवी घालीत. ते पाहून केइची त्सुचिया यांनी डोंगरातल्या रस्त्यांवर ही कला वाढवली. त्यांची गाडी होती टोयोटाची ए.ई. ८६, म्हणजे १९८३ ते १९८७ या काळातील मागच्या चाकांवर चालणारी छोटी कोरोला. व्यापाऱ्यांनी लक्षात घ्यावे असे यात एक आहे. हा खेळ मोठ्या कंपन्यांच्या कारखान्यात वाढला नाही. जुन्या स्वस्त मोटारी आणि गल्लीतील छोटी गॅरेजे यांच्यावर तो वाढला. ज्या गॅरेजने बांधलेली गाडी मैदानात न तुटता फिरली, त्याच्याकडे पुढची दहा गिऱ्हाइके आली. नंतर डी-वन ग्रां प्री ही व्यावसायिक मालिका निघाली, आणि २०१७ मध्ये मोटार खेळाची जागतिक संस्था एफ.आय.ए. हिने टोकियोत ड्रिफ्टिंगचा आंतरखंडीय चषक भरवला.

याची दुसरी बाजू ज्यांचे नातेवाईक आखाती देशांत कामाला आहेत त्यांना ठाऊक असेल. सौदी अरबस्तानात रस्त्यावरच गाड्या आडव्या घालण्याच्या नादाने, ज्याला तिकडे 'तफहीत' म्हणतात, अनेक तरुणांचे आणि बघ्यांचे जीव गेले. शेवटी २०१६ मध्ये तिथल्या सरकारने पहिल्याच गुन्ह्याला २० हजार रियाल दंड आणि १५ दिवस गाडी जप्त अशी तरतूद केली. कौशल्य तेच, गाडीही तीच. फरक आहे तो जागेचा.

जागा आणि कायदा

म्हणून गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारावा : गाडी चालवणार कुठे? 'बायपासवर' किंवा 'एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर' असे उत्तर आले तर काम घेऊ नये. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगाची चाचणी करणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि पुन्हा केल्यास एक वर्ष किंवा दहा हजार. शर्यत नव्हती असे म्हटले तरी धोकादायक वाहन चालवण्याचे कलम १८४ आहेच.

मिस्त्रीला जास्त जवळचे कलम म्हणजे ५२. कंपनीने दिलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. बेकायदा बदलासाठी कलम १८२-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड अशी शिक्षा आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असे स्पष्ट केले. गुन्हा मालकावर लागतो हे खरे, पण चौकशीत 'कोणी करून दिले' हा प्रश्न येतोच. तेव्हा स्पर्धेसाठी बदललेली एम.एच. ३८ पासिंगची गाडी मैदानापर्यंत चालवत नेऊ नये. ती टोइंगवर किंवा ट्रकमध्ये चढवून न्यावी आणि तशीच आणावी.

विमा हाही असाच. आपल्याकडच्या खाजगी मोटारीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी यांना संरक्षण नाही, असे त्यात स्वच्छ लिहिलेले असते. स्पर्धेत गाडी मोडली तर नुकसान मालकाचे. काम घेण्यापूर्वी त्याच्याच पॉलिसीवर बोट ठेवून हे दाखवावे, म्हणजे पुढे वाद राहत नाही.

मग जायचे कुठे? देशात मोटार खेळांना मान्यता देणारी संस्था एफ.एम.एस.सी.आय. आहे. तिच्या मान्यतेच्या स्पर्धेत उतरण्यासाठी चालकाला तिचा परवाना काढावा लागतो. ड्रिफ्टच्या वेगळ्या स्पर्धा आपल्या देशात अजून थोड्या आहेत. नवख्याने ऑटोक्रॉस किंवा जिमखाना प्रकारापासून सुरुवात करावी हे उत्तम. त्यात मोकळ्या जागेत शंकू लावून एकेक गाडी सोडतात. महाराष्ट्रात रॅली आणि ऑटोक्रॉसची परंपरा नाशिक आणि पुण्याची. आपल्या जिल्ह्यात ट्रॅक नाही, त्यामुळे वाहतुकीचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावा.

कोणती गाडी घ्यावी

गाडी मागच्या चाकांवर चालणारी हवी. मारुती ८०० आणि तिच्यानंतर आलेल्या बहुतेक छोट्या मोटारी पुढच्या चाकांवर चालतात, म्हणून त्या बाद. पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसेडर मागच्या चाकांच्या खऱ्या, पण कोरड्या डांबरावर चाके फिरवण्याइतका जोर त्यांच्या मूळ इंजिनात नाही. १९८४ ते २००२ या काळात निघालेली काँटेसा, त्यातही इसुझूचे १.८ लिटर पेट्रोल इंजिन असलेली, लांब आणि बसकी असल्याने बरी. मात्र तिचे सुटे भाग शोधावे लागतात. जिप्सी रॅलीत गाजली, पण ती उंच आणि आखूड. ओम्नी मागच्या चाकांची असली तरी उंच आणि अरुंद असल्याने आडवी घातली की उलटायला वेळ लागत नाही. बोलेरोचेही थोडेफार तेच. अशा उंच गाडीवर हे काम मागितले तर आमच्या मते नाही म्हणावे.

जुने इंजिन किंवा गिअरबॉक्स कुर्ल्याहून, चोरबाजारातून किंवा नांदेडच्या भंगारातून आणताना ज्या गाडीतून ते निघाले तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि विक्रेत्याचे बिल घ्यावे. चोरीचा माल जवळ बाळगणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खालचा गुन्हा आहे. 'मला माहीत नव्हते' हे बिलाशिवाय सिद्ध करणे अवघड जाते.

आधी इंजिन, मग बाकीचे

सगळ्यात मोठी चूक होते ती कामाच्या क्रमात. उत्साही गिऱ्हाईक सगळे एकदम करायला सांगते : इंजिन, क्लच, डिफरन्शियल, सस्पेन्शन, पिंजरा, रंग. गाडी स्पर्धेच्या आदल्या रात्री तयार होते आणि मैदानावर पहिल्या फेरीत आवाज येतो. आवाज कशाचा हे कोणालाच सांगता येत नाही, कारण सगळेच नवे असते.

शहाणा क्रम असा. बोअर-पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, हेडचे काम करून इंजिन मूळ गाडीतच बसवावे. गाडीचे बाकी सगळे कंपनीसारखे असू द्यावे. या अवस्थेत ती कायदेशीर आहे. नोंदणी, विमा आणि पीयूसी चालू असेल तर ती औंढ्याच्या, वाशीमच्या रस्त्याने सरळ मार्गाने चालवता येते. नव्या रिंगा नुसत्या उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून बसत नाहीत. त्यांना कमी-जास्त भार लागतो, वेग बदलता लागतो. पहिले तेल लवकर, साधारण ५०० किलोमीटरच्या आसपास, फिल्टरसह बदलावे. जुन्या बनावटीच्या इंजिनात कंपनीच्या पुस्तकात सांगितले असेल तर हेडचे बोल्ट थंड असताना पुन्हा टॉर्क पान्याने ताणावेत. नवी क्लच प्लेट आणि ब्रेक शूही याच काळात बसतात. इंजिन तेल खात नाही, पाणी कमी होत नाही, तेलाचा दाब गरम असताना टिकतो, एवढे पक्के झाले की मगच पुढच्या कामाला हात घालावा. त्या दिवसापासून गाडी रस्त्याची राहत नाही.

आपल्या हुनराचे काम

मागचे हाउसिंग. जीप आणि पिकअपच्या क्राऊन-पिनियनमध्ये ज्यांची हयात गेली त्यांच्यासाठी हे ओळखीचे आहे. साध्या डिफरन्शियलमध्ये वळणावर आतल्या चाकावरचा भार कमी होतो, सगळा जोर तिकडे पळतो, ते चाक नुसते फिरते आणि गाडी सरळ होते. ड्रिफ्टसाठी दोन्ही चाके एकत्र फिरली पाहिजेत. यासाठी तयार लॉकिंग युनिट मिळते, पण महाग. हौशी लोक आतले छोटे बेव्हल गिअर वेल्डिंग करून एक करतात. हे काम वरवर सोपे दिसते आणि इथेच फसते. ते गिअर कडक केलेल्या पोलादाचे, वर्षानुवर्षे तेलात भिजलेले. घाईत रॉड फिरवला तर वेल्ड चिरतो, तुकडा सुटतो आणि क्राऊन-पिनियन खाऊन टाकतो. तेल पूर्ण काढून धुवावे, ग्राइंडरने अंग उघडे करावे, आधी तापवावे, कमी हायड्रोजनचा कोरडा रॉड वापरावा, आणि नंतर कोरड्या राखेत किंवा चुन्यात सावकाश थंड होऊ द्यावे. हाउसिंगमध्ये उडालेला प्रत्येक थेंब काढावा. जोडताना खेळ पुस्तकाप्रमाणे मोजावा आणि दातांवर रंग लावून ठसा पाहावा. असे डिफरन्शियल लावलेली गाडी रस्त्यावर वळताना टायर घासते आणि एक्सलवर ताण टाकते, हे गिऱ्हाइकाला लिहून द्यावे.

तेलाचा चेंबर. आडव्या गाडीत तेल एका बाजूला चढते. पंपाची नळी हवा ओढते आणि काही क्षणांत बेअरिंग जाते. नवे इंजिन पहिल्याच दिवशी जाम होण्याचे हे ठळक कारण. चेंबरमध्ये नळीभोवती पत्र्याच्या आडव्या पट्ट्या बसवून तेल अडवता येते. हे काम आपला पत्र्याचा कारागीर दुपारभरात करून देईल. डॅशवर नुसता लाल दिवा पुरत नाही, दाबाचा काटा असलेला मीटर बसवावा. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचेही असेच होते, तेव्हा फ्लोटची पातळी नीट लावावी आणि टाकी अगदी तळाला नेऊ नये.

रेडिएटर. ड्रिफ्टमध्ये इंजिन ओरडत असते पण गाडी फार वेगात नसते, त्यामुळे समोरून वारा कमी लागतो. आपल्याकडच्या उन्हाळ्याची त्यात भर. जुना कोअर आतून साफ करून चालणार नाही असे वाटले तर नवा भरावा, पंख्याचा आच्छादक पत्रा काढून टाकू नये.

पुढची चाके. स्टेअरिंग दोन्ही बाजूंना फुल कट करून, चाके लोंबकळत असताना आणि जमिनीवर असताना, असे दोनदा पाहावे. ब्रेकचा होज पाइप ताणला जातो काय, टायरला घासतो काय? रोजच्या गाडीत फुल कट क्वचित लागतो. इथे प्रत्येक वळणावर लागतो. टाय-रॉड एंडमध्ये किंचितही खेळ नको.

पिंजरा. छपराखालचा पाइपांचा पिंजरा हा चालकाचा जीव वाचवण्यासाठी असतो, शोभेसाठी नव्हे. एफ.आय.ए.च्या नियमात मुख्य कमानीला बिनजोड पोलादी पाइप, ४५ मि.मी. व्यास आणि २.५ मि.मी. जाडी, किंवा ५० मि.मी. आणि २ मि.मी., असे माप दिले आहे. नळाच्या जी.आय. पाइपचा पिंजरा करून देऊ नये, गिऱ्हाईक कितीही घासाघीस करो. तो वाकतो, मोडतो आणि माणसाच्या अंगात शिरतो. जस्ताच्या पाइपवर वेल्डिंगचा धूर कारागिरालाही बाधतो. आयोजकांचे नियमपुस्तक आधी मागवून त्यातील माप पाहूनच पाइप आणावा. जानेवारी २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर ५९ वर्षांचे अनुभवी शर्यतपटू के. ई. कुमार यांची मोटार दुसऱ्या गाडीला लागून उलटली आणि त्यांचे निधन झाले. तो रीतसर ट्रॅक होता, रुग्णवाहिका हजर होती.

दर आणि कागद

या कामात नफा किती? एका गाडीवरून मोठी कमाई होईल या भ्रमात राहू नये. रोजच्या पिकअपच्या कामातच बरकत आहे. हे काम नावाचे आणि शिकण्याचे आहे, म्हणून रोजचे गिऱ्हाईक थांबवून ते करू नये. अंदाजपत्रक चार भागांत लिहावे : मजुरी, सुटे भाग, बाहेरचे लेथ-ग्राइंडिंग, आणि टायर. टायरचा आकडा गिऱ्हाईक नेहमी विसरते. जोरदार इंजिन असेल तर मागची जोडी एका दिवसात संपते. टायरवाल्या बंधूंना हे गिऱ्हाईक चांगले, पण त्यांनी रिमोल्ड देऊ नये. तापून त्याची पट्टी सोलून निघते. भागांची रक्कम आगाऊ घ्यावी. उधारीवर हौस पुरवली तर स्पर्धा हरलेल्या गिऱ्हाइकाकडून पैसे निघणे कठीण.

केलेल्या प्रत्येक कामाची यादी बिलावर लिहून सही घ्यावी. जे करायला नकार दिला तेही लिहावे. कागदाने निष्काळजीपणा झाकला जात नाही, पण न केलेल्या कामाचे खापर तरी फुटत नाही. गाडी स्पर्धेच्या निदान पंधरा दिवस आधी देण्याची तारीख ठरवावी.

स्पर्धेच्या दिवशी

शक्य असेल तर मिस्त्रीने किंवा हुशार शागिर्दाने बरोबर जावे, त्याची मजुरी आधी ठरवून. सकाळी तपासणी होते. बॅटरी पट्टीने घट्ट आणि तिचे धन टोक झाकलेले, अग्निशामक बसवलेला, पट्टे, हेल्मेट, इंजिन बंद करण्याचा मुख्य स्विच, गळती नाही, गाडीत एकही सुटी वस्तू नाही, हे सर्व पाहतात. सीटखाली विसरलेला पाना आडव्या गाडीत ब्रेकच्या पायाखाली येतो.

पहिली फेरी अर्ध्या जोराने, फक्त ऐकण्यासाठी. परत आल्यावर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा ताणावेत, हब हाताने चाचपून एखादे जास्त तापले काय ते पाहावे, खाली वाकून तेल पाहावे. नवशिक्याने आधी पाणी मारलेल्या जागेवर एका शंकूभोवती गोल, मग दोन शंकूंभोवती आठचा आकडा, एवढेच करावे. ओल्या जागेवर टायर आणि क्लच दोन्ही वाचतात. दोन-तीन फेऱ्यांनंतर गाडीला विश्रांती द्यावी. तापलेले इंजिन लगेच बंद न करता मिनिट-दोन मिनिटे हळू चालू ठेवावे. दाबाचा काटा वळणात खाली पडला असे चालकाने सांगितले की त्या दिवसाचा खेळ संपला असे समजावे. आणखी एका फेरीसाठी केलेला हट्ट क्रँकच्या किमतीला पडतो.

गाडी गॅरेजला परत आल्यावर चेंबरचे आणि हाउसिंगचे तेल स्वच्छ ट्रेमध्ये काढावे. फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात पसरावा. काळपट बारीक पूड असेल तर ती नव्या रिंगांची घासण आहे, त्यात काळजी नाही. तांबूस किंवा रुपेरी चकाकणारे कण दिसले तर बेअरिंग उघडून पाहावे. हाउसिंगच्या तेलात चुंबक फिरवून पोलादाचा टोकदार तुकडा लागला तर वेल्ड चिरला आहे. मग ते डिफरन्शियल पुन्हा बसवू नये. जे दिसले ते तारखेसह वहीत टिपून मालकाला दाखवावे, आणि पुढच्या स्पर्धेचे काम त्या पानावरून ठरवावे.